ओल्ड घोस्ट रोड

ओल्ड घोस्ट रोड ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या वायव्य भागातील ८५ किलोमीटर लांबीची डोंगरी वाट आहे. बुलर नदीच्या खोऱ्यातील लायल या ओसाड खाणगावापासून ती सुरू होते आणि मोकिहिनुई नदीच्या काठाने उतरत सेडनव्हिल या लहानशा वस्तीजवळ संपते. माउंटन बायकिंग करणारे व पदभ्रमण करणारे अशा दोघांसाठी ती खुली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ती पूर्णपणे खुली झाली, तेव्हा न्यूझीलंडमधील सर्वांत लांब सलग सिंगलट्रॅक म्हणून तिची ओळख झाली. सिंगलट्रॅक म्हणजे एका वेळी एकच सायकल जाऊ शकेल इतकी अरुंद, कच्ची वाट.

'रोड' हे तिचे नाव तसे फसवे आहे. या वाटेवरून मोटार कधीच गेली नाही आणि जाऊही शकणार नाही. ज्या रस्त्यावरून हे नाव आले, तो एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या खाणींसाठी आखलेला मालवाहू घोडागाड्यांचा रस्ता होता. दोन्ही टोकांकडून त्याचे काम सुरू झाले, पण मधला भाग कधीच बांधला गेला नाही. नावातील 'भूत' हे या अपुऱ्या रस्त्याचे आणि त्याच्या कडेने वसून उठून गेलेल्या गावांचे आहे.

पार्श्वभूमी

१८६२ च्या सुमारास लायल ओढ्यात सोने सापडले. या जागेला ब्रिटिश भूवैज्ञानिक चार्ल्स लायल यांचे नाव मिळाले. आधी ओढ्याच्या वाळूतील सोने वेचले गेले, पुढे क्वार्ट्झच्या शिरांमधील सोन्यासाठी डोंगरात खाणी खोदल्या गेल्या आणि दगड कुटण्यासाठी लोखंडी मुसळांची यंत्रे उभी राहिली. ही जड यंत्रे, धान्य आणि दारूगोळा वर नेण्यासाठी खच्चरांची पायवाट पुरेशी नव्हती. म्हणून १८७० च्या दशकात डोंगराच्या कुशीतून मंद चढाचा रस्ता कोरण्यास प्रारंभ झाला. भरलेली गाडी ओढणाऱ्या घोड्याला झेपेल एवढाच चढ ठेवणे भाग होते. जवळजवळ दीडशे वर्षांनी सायकलस्वारांना याच गोष्टीचा लाभ झाला.

ऐन भरात असताना लायलमध्ये हॉटेले, बँक, शाळा, चर्च आणि वृत्तपत्रही होते. वर डोंगरात गिब्सटाउन, एट माइल, झालाटाउन अशा उपवस्त्या होत्या. सोने आटत गेले तशी माणसे पांगली. १९६३ मध्ये लायलचे शेवटचे हॉटेल जळाले आणि त्यानंतर गाव असे काही उरले नाही. आज तेथे तंबूंसाठी मोकळी जागा, माहितीफलक आणि झाडीत दडलेली दफनभूमी एवढेच आहे. वाटेच्या कडेला मात्र गंजलेली यंत्रे, बाटल्यांच्या काचा, चुलाण्यांचे दगड ठिकठिकाणी दिसतात. त्यांना हात न लावता पुढे जावे अशी अपेक्षा असते.

दुसऱ्या टोकाला मोकिहिनुईच्या घळईतही सोन्याच्या शोधासाठी असाच रस्ता काढला होता. मोकिही म्हणजे माओरी लोक वापरत ती गवतकाड्यांची होडीवजा तराफी आणि नुई म्हणजे मोठा. घळईतील काही ठिकाणी हा रस्ता उभ्या कड्यात खोबण पाडून नेलेला आहे. दोन्ही रस्त्यांच्या मध्ये उंच डोंगरधारा आणि निबिड अरण्य होते. ते ओलांडण्याआधीच सोन्याचा हंगाम सरला.

हा प्रदेश भूकंपप्रवण आहे. १७ जून १९२९ रोजी झालेल्या मर्चिसन भूकंपाची तीव्रता सुमारे ७.३ होती. त्यात १७ जणांचा मृत्यू झाला आणि या डोंगराळ भागात असंख्य दरडी कोसळल्या. २४ मे १९६८ रोजी जवळच इनांगाहुआ येथे ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. जुन्या रस्त्याचे कित्येक तुकडे अशा दरडींखाली गेले, उरलेल्यांवर जंगल चढले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लायलजवळचा थोडा भाग आणि मोकिहिनुईकडील घळई एवढेच पायी जाण्याजोगे राहिले होते.

निर्मिती

वाटेच्या पुनरुज्जीवनाची कल्पना एका जुन्या नकाशावरून सुचली. २००७ मध्ये सेडनव्हिलजवळच्या एका विश्रामगृहात या नकाशाकडे काही स्थानिकांचे लक्ष गेले. त्यावर लायल ते मोकिहिनुई अशी सलग रेघ होती. प्रत्यक्षात ती रेघ म्हणजे एक मनोरथ होता, पण तो पूर्ण करता येईल का हा प्रश्न तेथून सुरू झाला. पुढे या कामासाठी मोकिहिनुई-लायल बॅककंट्री ट्रस्ट ही ना-नफा संस्था स्थापन झाली. जमीन सरकारच्या संवर्धन खात्याकडे, तर वाट बांधण्याची व चालवण्याची जबाबदारी स्थानिक विश्वस्तांकडे, अशी ही व्यवस्था आहे.

२००९ मध्ये जॉन की यांच्या सरकारने जागतिक मंदीच्या काळात रोजगारनिर्मितीचा उपाय म्हणून राष्ट्रीय सायकलमार्ग योजना जाहीर केली. माओरी भाषेत या योजनेला 'न्गा हाएरेंगा' म्हणजे 'प्रवास' असे नाव आहे. ओल्ड घोस्ट रोडची या योजनेत निवड झाली आणि तिला सरकारी निधी मिळू लागला. तरीही निधी पुरेसा नव्हता. देणग्या, कंत्राटी कामगार आणि स्वयंसेवक यांच्या बळावर काम रेटावे लागले.

बांधकाम अवघड होते, कारण मधल्या टप्प्यापर्यंत पोहोचायलाच वाट नव्हती. माणसे, अन्न, इंधन, लाकूड आणि सुट्या भागांत विभागलेली लहान खोदयंत्रे हेलिकॉप्टरने डोंगरमाथ्यावर उतरवावी लागत. कडे आडवे आले तेथे सुरुंग लावून खडक फोडावा लागला. कामगारांच्या तुकड्या अनेक दिवस वरच मुक्काम करीत. पश्चिम किनाऱ्यावरील पाऊस कुप्रसिद्ध आहे. टास्मान समुद्रावरून येणारे ढग या डोंगरांवर आदळतात आणि काही तासांत ओढे दुथडी भरून वाहू लागतात. ताजी कोरलेली वाट एका रात्रीत वाहून जाऊ शकते.

मोकिहिनुई धरणाचा वाद

वाटेचे काम सुरू असतानाच तिच्या खालच्या टोकाचे अस्तित्व धोक्यात होते. मेरिडियन एनर्जी या सरकारी मालकीच्या वीजकंपनीने मोकिहिनुईच्या घळईत ८५ मीटर उंचीचे जलविद्युत धरण बांधण्याचा प्रस्ताव मांडला होता. धरणामागे सुमारे १४ किलोमीटर लांबीचा जलाशय तयार होऊन घळईतील जुना खाणरस्ता पाण्याखाली गेला असता. पश्चिम किनारा विजेसाठी दूरच्या वाहिन्यांवर अवलंबून असल्याने स्थानिक पातळीवर धरणाला पाठिंबा देणारेही पुष्कळ होते. धरण म्हणजे रोजगार आणि खात्रीची वीज, असा त्यांचा युक्तिवाद होता व तो पोकळ म्हणता येणार नाही. कोळशाच्या खाणी आटत चाललेल्या भागात असे प्रकल्प सहजी नाकारले जात नाहीत.

२०१० मध्ये प्रकल्पाला परवानगी मिळाली. या निर्णयाविरुद्ध पर्यावरण न्यायालयात अपील करणाऱ्यांमध्ये खुद्द सरकारचे संवर्धन खाते होते. सरकारी मालकीची कंपनी एका बाजूला आणि सरकारचेच खाते दुसऱ्या बाजूला, असे हे विलक्षण चित्र होते. नदी उगमापासून समुद्रापर्यंत जवळजवळ अस्पर्श राहिली आहे, असा आक्षेपकांचा मुख्य मुद्दा होता. समुद्र व नदी यांच्यामध्ये ये-जा करून जगणारे ईल व अन्य मासे धरणाने अडले असते. मे २०१२ मध्ये, सुनावणी होण्यापूर्वीच, कंपनीने प्रकल्प मागे घेतला. त्यामुळे घळईतील रस्ता वाचला आणि वाटेचा शेवटचा टप्पा नदीकाठानेच नेणे शक्य झाले. २०१९ मध्ये मोकिहिनुई खोऱ्यातील सुमारे ६४,४०० हेक्टर क्षेत्र काहुरांगी राष्ट्रीय उद्यानात समाविष्ट करण्यात आले.

मार्ग

बहुतेक सायकलस्वार लायलकडून सेडनव्हिलकडे जातात. उलट दिशेने जाण्यास बंदी नाही, परंतु लायलकडील चढ लांब असला तरी सौम्य आहे आणि मधल्या पायऱ्या उतरताना येतात. पहिल्या १८ किलोमीटरमध्ये वाट जुन्या घोडागाडी रस्त्यानेच बीचच्या जंगलातून सातशे मीटरांहून अधिक चढून लायल खिंडीतील निवाऱ्यापर्यंत पोहोचते. या अंतरात दोन ठिकाणी भूकंपाने घसरलेले उतार ओलांडावे लागतात. बाकी चढ इतका एकसारखा आहे की सराव असलेल्या माणसाला क्वचितच सायकलवरून उतरावे लागते.

खिंडीपासून पुढे जुना रस्ता संपतो आणि नव्याने कोरलेली वाट सुरू होते. झाडे खुरटत जातात, शेवाळाने लगडलेल्या फांद्या मागे पडतात आणि वाट उघड्या डोंगरधारेवर येते. तिचा सर्वोच्च भाग समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर, रॉकी टॉर या शिखराच्या कुशीत आहे. येथे एका बाजूला उभा उतार असतो आणि वाटेची रुंदी जेमतेम एक मीटर असते. फलक अनेक ठिकाणी सायकलवरून उतरून चालण्याची सूचना देतात. वाऱ्याच्या दिवशी ही सूचना पाळणेच शहाणपणाचे ठरते. ३० व्या किलोमीटरवर घोस्ट लेक निवारा आहे. खाली एक लहानसे तळे, समोर डोंगरांच्या रांगा आणि निवारा कड्याच्या टोकावर, अशी त्याची जागा आहे.

घोस्ट लेकपासूनची उतरण हा सायकलस्वारांच्या दृष्टीने वाटेचा सर्वांत कठीण भाग होय. तीव्र वळणे, ओल्या मुळ्या, खडकांचे उंचवटे एकामागून एक येतात. त्यानंतर स्कायलाइन धारेवरून जाऊन वाट अचानक सुमारे तीनशे लाकडी पायऱ्यांच्या जिन्यापाशी थांबते. येथे उतार इतका उभा आहे की सायकलयोग्य वळणे कोरणे शक्य झाले नाही, त्यामुळे सायकल खांद्यावर घेऊन किंवा हाताने धरून उतरावे लागते. सामानाने भरलेली सायकल असेल तर हा अर्धा तास बराच लांबतो. पुढे ४३ व्या किलोमीटरच्या आसपास स्टर्न खोऱ्यातील निवारा येतो.

स्टर्न खोऱ्यातून वाट पुन्हा चढते आणि 'बोनयार्ड' म्हणजे हाडांचे आवार असे नाव पडलेल्या, दरडीच्या प्रचंड धोंड्यांनी भरलेल्या भागातून जाते. धोंड्यांवर पांढुरके दगडफूल चढल्याने हे नाव शोभते. येथेच ग्रिम व चीअरफुल, म्हणजे उदास व आनंदी, अशी दोन तळी शेजारीशेजारी आहेत. सॉलेम खिंड ओलांडली की उतार लागतो आणि वाट पुन्हा दाट वर्षावनात शिरते. गोट क्रीक येथील लहानसा निवारा या वाटेहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास, बाहेरून आणलेल्या हरणांनी जंगलाची नासधूस चालवली असता सरकारने नेमलेल्या शिकाऱ्यांसाठी असे निवारे डोंगरोडोंगरी बांधले गेले होते. त्याच्या पुढे मोकिहिनुईच्या उत्तर व दक्षिण शाखांचा संगम आहे.

६८ व्या किलोमीटरवरील स्पेसिमेन पॉइंट निवाऱ्यापासून शेवटचे १७ किलोमीटर घळईतून जातात. वाट येथे जुन्या खाणरस्त्यावर परत येते. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला खोल काळसर पाणी, आणि ज्या ठिकाणी जुना रस्ता नदीने खाल्ला तेथे झुलते पूल. चढउतार नगण्य असले तरी दमलेल्या माणसाने या टप्प्याला कमी लेखू नये.

सायकलस्वार हा मार्ग साधारण दोन ते चार दिवसांत, तर पायी जाणारे पाच दिवसांत पूर्ण करतात. न्यूझीलंडमधील सहा श्रेणींच्या पद्धतीत ही वाट चौथ्या, म्हणजे निष्णातांसाठीच्या श्रेणीत मोडते. दोन्ही टोकांमधील रस्त्याचे अंतर वेस्टपोर्टमार्गे सुमारे १०० किलोमीटर आहे, त्यामुळे वाहन परत मिळवण्याची सोय आधीच करावी लागते.

वाटेची बांधणी आणि पाणी

अशा वाटेचा खरा शत्रू सायकल नसून पाणी असते. उताराच्या दिशेने सरळ खाली नेलेली वाट पहिल्याच पावसाळ्यात ओढा बनते, चाकांनी सुटी केलेली माती वाहून जाते व मुळ्या उघड्या पडतात. म्हणून वाट समपातळी रेषांच्या जवळपास आडवी नेतात आणि तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक ठेवत नाहीत. या संकेताला वाट बांधणारे 'अर्धा नियम' म्हणतात. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला ठेवतात आणि ठरावीक अंतरावर तिला लहानसा उलटा चढ देतात. यामुळे पाणी वाटेवरून धावत जाण्याऐवजी पातळ पडद्यासारखे ओलांडून जाते. सायकलस्वारांना हाच उलटा चढ लयदार हेलकाव्यासारखा वाटतो आणि तो आपल्या मौजेसाठीच केला आहे अशी अनेकांची समजूत होते.

लायलकडील खाणरस्ता आजही टिकून आहे याचे कारण हेच आहे. घोड्यासाठी ठेवलेला मंद चढ पाण्यालाही वेग घेऊ देत नाही.

सायकलींना प्रवेशाचा प्रश्न

दुर्गम अरण्यात सायकलींना जाऊ द्यावे की नाही, हा वाद जगभर आहे. अमेरिकेत १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने संरक्षित वन्यप्रदेशांत यांत्रिक वाहतुकीस मनाई केली आणि १९८४ मध्ये तेथील वनसेवेने आपल्या नियमांत सायकलीचा स्पष्ट समावेश केला. परिणामी डेन्व्हर ते दुरांगो अशी सुमारे ७८० किलोमीटर लांबीची कोलोरॅडो ट्रेल सायकलस्वारांना सलग करता येत नाही. अशा सहा वन्यप्रदेशांना त्यांना बाहेरून वळसा घालावा लागतो.

न्यूझीलंडमध्येही राष्ट्रीय उद्यानांत सायकलींना दीर्घकाळ बंदी होती. या वाटेच्या उत्तरेकडील हीफी ट्रॅकवर पूर्वी सायकली जात. १९९६ मध्ये काहुरांगी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाल्यावर त्या बंद झाल्या आणि २०११ पासून पुन्हा, परंतु केवळ १ मे ते ३० नोव्हेंबर या काळात, सुरू झाल्या. म्हणजे पदभ्रमणाचा उन्हाळी हंगाम पायी जाणाऱ्यांसाठी राखून सायकलस्वारांना थंडी-पावसाचे महिने दिले गेले. ओल्ड घोस्ट रोड मात्र मुळातच दोघांसाठी आखली गेली आणि वर्षभर दोघेही ती वापरतात. २०२० मध्ये खुला झालेला ५५ किलोमीटरचा पापारोआ ट्रॅक हा न्यूझीलंडच्या 'ग्रेट वॉक' मालिकेतील, चालणे व सायकल अशा दोन्हींसाठी बांधलेला पहिला मार्ग आहे. २०१० च्या पाइक रिव्हर खाणदुर्घटनेत मृत्यू पावलेल्या २९ जणांचे स्मारक म्हणून त्याची एक शाखा बांधण्यात आली.

सामायिक वाटेवर तंटे होत नाहीत असे नाही. आंधळ्या वळणावर वेगाने येणारी सायकल पायी जाणाऱ्याला भयभीत करते, तर पाठीवर बोजा घेतलेला चालणारा बाजूला होईपर्यंत सायकलस्वाराची गती मोडते. पायी जाणाऱ्याला प्राधान्य, वळणापूर्वी आवाज देणे आणि चढणाऱ्याला वाट मोकळी करून देणे, हे संकेत पाळले जातात. निवाऱ्यांतील जागा आगाऊ नोंदवाव्या लागत असल्याने गर्दीला आपोआप मर्यादा येते.

जीवसृष्टी

मोकिहिनुईच्या वेगवान, थंड पाण्यात व्हिओ म्हणजे निळे बदक राहते. न्यूझीलंडच्या दहा डॉलरच्या नोटेवर याच पक्ष्याचे चित्र आहे. जंगलात मोठा ठिपकेदार किवी, न उडणारा वेका आणि उघड्या माथ्यांवर किआ हा डोंगरी पोपट आढळतो. वेका व किआ हे दोघेही चोरटे आहेत. बाहेर ठेवलेले बूट, हातमोजे आणि सायकलची गादी त्यांच्या चोचीतून सुटेलच असे नाही.

पॉवेलिफँटा ही मांसाहारी गोगलगाय या भागाचे वैशिष्ट्य आहे. काही प्रजातींचे शंख सुमारे नऊ सेंटिमीटर व्यासाचे असतात. ती रात्री बाहेर पडून गांडुळे गिळते आणि दिवसा पालापाचोळ्यात दडते. तिची वाढ मंद असल्याने एकेका वसाहतीचे नुकसान भरून येण्यास दीर्घ काळ लागतो. वाट आखताना अशा अधिवासांना वळसा घालणे हा खर्चिक, पण टाळता न येण्यासारखा भाग होता. न्यूझीलंडमध्ये वटवाघुळे सोडल्यास जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी नव्हते, त्यामुळे माणसाने आणलेले स्टोट, उंदीर आणि पॉसम येथील पक्ष्यांचा व गोगलगायींचा फडशा पाडतात. वाट झाल्यामुळे एक फायदा झाला. पूर्वी पोहोचणेच कठीण असलेल्या भागात आता सापळ्यांच्या रांगा लावता व तपासता येतात.

धोके

वाटेच्या बहुतेक भागात मोबाइलचा संपर्क नाही. अपघात झाल्यास मदत हेलिकॉप्टरनेच येते आणि ढग खाली असतील तर तेही येऊ शकत नाही. उपग्रहाद्वारे संकट कळवणारा संदेशक जवळ ठेवण्याचा सल्ला म्हणूनच दिला जातो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा असतो, पण माथ्यावर या काळातही थंडी व गारांसह पाऊस होऊ शकतो. हिवाळ्यात हिम पडते. मुसळधार पावसानंतर ओढे ओलांडण्याची घाई करू नये, कारण ते जितक्या झपाट्याने चढतात तितक्याच झपाट्याने उतरतात आणि काही तास थांबल्याने वाट सुरक्षित होते. सँडफ्लाय या चावऱ्या माश्यांपासून जिवाला धोका नाही, परंतु नदीकाठी थांबलेल्या माणसाला त्या निवांतपणे जेवू देत नाहीत.

वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, संपूर्ण ८५ किलोमीटर अंतराची धावण्याची शर्यत या वाटेवर घेतली जाते. तिला ओल्ड घोस्ट अल्ट्रा म्हणतात आणि स्पर्धकांची संख्या मर्यादित ठेवली जाते.